वळवलेल्या नदीच्या गावी

मे महिन्याच्या सुट्टीत मुलांना घेऊन युरोपला जायचं म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो तो किती देश होणार हा. टूर कंपन्यांची पत्रकंही तशीच छापलेली असतात : इतक्या रात्री, इतके देश, आणि रोज सकाळी सामान बसमध्ये. मोठ्यांना हे झेपतं. पाच वर्षांच्या मुलाला झेपत नाही आणि सत्तरी ओलांडलेल्या आजीलाही नाही. आमच्या घरात ही दोन्ही वयं आहेत, शिवाय नऊ वर्षांची थोरली. म्हणून देश मोजायचं सोडून आम्ही एकच शहर शोधायला बसलो. मुलांना समुद्र हवा होता. ऊन चालणार होतं, पण पुण्यातल्या मेसारखं भाजणारं नको. पायी हिंडता यायला हवं होतं. आणि सासूबाईंना अंडंसुद्धा चालत नाही, तेव्हा त्यांच्या जेवणाची नीट सोय होणं आलंच.

भूमध्य समुद्राच्या काठाला अशी गावं पुष्कळ आहेत. अथेन्स मुलांना दाखवायला मला मनापासून आवडलं असतं, पण अॅक्रोपोलिसचा चढ आणि तिथला उकाडा यांची धास्ती वाटली. जुलै २०२३मधल्या उष्णतेच्या लाटेत तर दुपारच्या वेळी अॅक्रोपोलिस पर्यटकांना बंद ठेवावं लागलं होतं. बार्सिलोनात बघण्यासारखं खूप, पण नावाजलेल्या ठिकाणांची ठरावीक वेळेची तिकिटं आधी काढून ठेवावी लागतात, आणि पाच वर्षांचं मूल नेमकं त्याच वेळी पेंगुळतं. नेपल्स मुलं मोठी होईपर्यंत राखून ठेवलंय. स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावरचं व्हॅलेन्सिया निवडलं, ते तिथल्या नदीमुळे.

ही नदी आता तिथे नाही. तुरिया तिचं नाव. जुन्या शहराला वळसा घालून ती समुद्राकडे जायची. १४ ऑक्टोबर १९५७ रोजी तिला महापूर आला, ऐंशीहून अधिक माणसं दगावली, घरं-दुकानं चिखलाने भरली. त्यानंतर चार वर्षं व्हायच्या आत, १२ जुलै १९६१ला, आमच्या पुण्यात पानशेतचं धरण फुटलं. सासूबाई लग्न होऊन पुण्यात आल्या तेव्हा वाड्यातल्या बायका भिंतीवर हात ठेवून पाणी कुठवर चढलं होतं ते दाखवायच्या. त्यामुळे तुरियाची गोष्ट त्यांना फार समजावून सांगावी लागली नाही. व्हॅलेन्सियाने मात्र पुरानंतर नदीच शहराबाहेर काढली. दक्षिणेकडून बारा किलोमीटरचं नवं पात्र खणलं आणि पाणी तिकडून समुद्रात सोडलं. शहरातलं जुनं पात्र कोरडं पडलं.

त्या कोरड्या पात्रातून वेगवान मोटाररस्ता काढायचा सरकारी बेत होता. तो लोकांनी होऊ दिला नाही. नदीचं पात्र आमचं आहे आणि आम्हाला ते हिरवं हवं आहे, अशी सत्तरच्या दशकातली त्यांची घोषणा होती. १९७६मध्ये पात्र शहराच्या ताब्यात आलं आणि ऐंशीच्या दशकापासून टप्प्याटप्प्याने तिथे बाग होत गेली. आज ही बाग जवळजवळ नऊ किलोमीटर लांब आहे. नकाशावर ती पाहिली आणि आमचा सगळा बेत तिच्याभोवती बसला. बागेच्या पश्चिम टोकाला बायोपार्क हे प्राणिसंग्रहालय, पूर्वेकडे विज्ञाननगरी आणि मत्स्यालय, मध्ये खेळायच्या जागा, आणि जुनं शहर काठावरच. बाग रस्त्यांपेक्षा खोल आहे, वाहनं डोक्यावरच्या पुलांवरून जातात. म्हणजे मुलांचा हात सोडता येतो. परक्या शहरात आईबापाला याहून मोठी चैन कोणती, मला माहीत नाही. आम्ही हॉटेलऐवजी पात्राच्या काठाजवळ स्वयंपाकघर असलेला फ्लॅट भाड्याने घेतला. दिवसाला एकच मोठी गोष्ट बघायची, उरलेला वेळ नदीत घालवायचा, असं ठरवलं.

व्हिसाचं काम कंटाळवाणं असलं तरी वेळेवर हाती घ्यावं लागतं. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि निदान पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो. पण मे महिन्यासाठी अपॉइंटमेंट लवकर भरतात, म्हणून फेब्रुवारीतच कामाला लागलेलं बरं. सहा वर्षांखालच्या मुलांना व्हिसाचं शुल्क नाही, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना पंचेचाळीस युरो, मोठ्यांना नव्वद. हे दर जून २०२४पासूनचे. बारा वर्षांखालच्या मुलांच्या बोटांचे ठसे घेत नाहीत. मुलांचे जन्मदाखले, शाळेचं बोनाफाइड, आणि निदान तीस हजार युरोंचं संरक्षण देणारा प्रवासविमा, एवढ्या कागदांची फाइल आधी तयार ठेवावी. आयुष्यभर पोळ्या लाटलेल्या सासूबाईंच्या बोटांचे ठसे उमटायला वेळ लागला, तेवढाच काय तो खोळंबा.

भारतातून व्हॅलेन्सियाला थेट विमान नाही. आम्ही माद्रिदला उतरलो आणि पुढचा प्रवास रेल्वेने केला. डिसेंबर २०१०पासून माद्रिद आणि व्हॅलेन्सियामध्ये वेगवान गाडी धावते, दोन तासांच्या आत पोचवते. विमानतळावर आणखी एकदा रांगेत उभं राहण्यापेक्षा हे लहान मुलांना फार सोयीचं पडतं. स्टेशनवर सामान क्ष-किरण यंत्रातून जातं, तेवढ्यासाठी थोडं आधी पोचावं. कास्तिल्याचा उघडा, पिवळसर माळ खिडकीतून मागे गेला, मग डोंगर आले, आणि डोंगर उतरल्यावर संत्र्यांच्या बागा. धाकटा झोपला होता. थोरलीने सगळं पाहिलं.

पहिले काही दिवस घड्याळाचे. उन्हाळ्यात स्पेन आपल्यापेक्षा साडेतीन तासांनी मागे असतं. आपली मुलं सकाळी सातला उठणारी असतील तर तिथे पहाटे साडेतीनला टक्क जागी होतात, आणि रात्री नऊला, जेव्हा स्पॅनिश घरांमध्ये ताटं मांडायला सुरुवात होते, तेव्हा ती ताटावर डोकं टेकतात. हॉटेलांची स्वयंपाकघरं साधारण चारनंतर बंद होतात ती थेट आठ-साडेआठला उघडतात. या काळात मुलाला भूक लागली तर पाव आणि बटाट्याच्या वेफर्सवर भागवावं लागतं. म्हणून मी मुक्कामात दिवसाचं मुख्य जेवण दुपारी दोनला बाहेर आणि रात्रीचा साधा वरणभात सातला घरी, असा क्रम लावला. तूरडाळ, हळद, हिंग आणि गोडा मसाला आम्ही बरोबर नेला होता. तांदूळ न्यायची गरज नव्हती. मध्ये दोन-तीन तासांची झोप. स्पेनमधल्या दुकानांनाही ती वेळ मानवते, त्यामुळे काही चुकवतोय असं वाटत नाही. झोपून उठल्यावर पुन्हा चार तास उजेड असतो, कारण मे महिन्यात सूर्य मावळतो नऊच्या सुमाराला.

भल्या पहाटे जाग्या झालेल्या मुलांचं काय करायचं, याचं उत्तर मेर्कादो सेंत्राल या मध्यवर्ती बाजारात मिळालं. १९२८मध्ये सुरू झालेली ही लोखंड, काच आणि रंगीत फरशांची घुमटदार वास्तू सकाळी साडेसातला उघडते. त्या वेळी पर्यटक नसतात. गाळेवाले बर्फावर मासळी मांडत असतात, बायका पिशव्या घेऊन भाव करत असतात. माणसांना जाग येण्याच्या वेळी बाजार पाहिला की शहर आपलं वाटायला लागतं, हे मला प्रत्येक गावात पटत आलंय. घुमटाच्या टोकाला वारा दाखवणारा एक धातूचा पोपट आहे. समोरच्या चर्चच्या शिखरावरही एक पक्षी आहे. दोघांपैकी कोण कुणीकडे वळतो हे धाकटा रोज तपासायचा. बाजार दुपारी तीनला मिटतो आणि रविवारी बंद असतो, एवढं बेत आखताना लक्षात ठेवायचं.

मुलांना विचाराल तर व्हॅलेन्सिया म्हणजे गलिव्हर. नदीच्या पात्रात सत्तर मीटर लांबीचा माणूस उताणा पडलाय, दोरखंडांनी जमिनीला जखडलेला. १९९०मध्ये तो तिथे बांधला. फाय्यास या मार्चमधल्या उत्सवात चौकाचौकांत प्रचंड बाहुल्या उभारून शेवटच्या रात्री जाळायची या गावची रीत आहे. त्या बाहुल्या घडवणाऱ्या कलावंतांपैकी मानोलो मार्तिन यांचा हात या गलिव्हरला लागला आहे. पण हा जाळण्यासाठी नाही, चढण्यासाठी आहे. त्याच्या केसांच्या बटा, कोटाच्या घड्या, बोटं, गुडघे, सगळ्यांच्या घसरगुंड्या, जिने आणि दोऱ्या झाल्या आहेत. अंगावर चढलेल्या मुलाला माणूस दिसत नाही, फक्त उतार आणि खाचा दिसतात. आम्ही मुलांना आधी पुलावर नेलं. तिथून अख्खा गलिव्हर दिसतो आणि त्याच्यावर मुंग्यांएवढी मुलं. थोरलीने गोष्ट वाचलेली होती. ती धाकट्याला म्हणाली, “बघ, आता आपण लिलिपुटातली माणसं.” मग दोघं जी खाली पळाली ती संध्याकाळपर्यंत. कोटाच्या एका निरीवरून घसरताना धाकट्याला एक स्पॅनिश मुलगा भेटला. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता. तरी कोणी आधी जायचं याचे नियम त्यांनी ठरवले आणि पाळलेही. इथे तिकीट नाही. दुपारच्या उन्हात घसरगुंड्या तापतात, तेव्हा जायचं ते सकाळी किंवा झोपून उठल्यावर.

नदीत खेळून दमलेल्या मुलांना पाच-सहाच्या सुमाराला तिथले आईबाप ओरचाता पाजतात, आम्हीही पाजला. थंडगार, दुधासारखा दिसणारा, पण त्यात दुधाचा थेंब नसतो. चुफा नावाचे हरभऱ्याएवढे सुरकुतलेले कंद भिजवून, वाटून, गाळून साखर घालतात. शहराला लागूनच असलेल्या आल्बोराया गावच्या वाळूमिश्रित जमिनीत या कंदांची शेती होते. दुकानदारीणबाईंनी काउंटरवरच्या बरणीतले थोडे कंद सासूबाईंच्या तळव्यावर ठेवले. त्यांनी ते उलटेसुलटे करून पाहिले, एक चावला, आणि म्हणाल्या, “अगं, हा तर लव्हाळ्याच्या जातीतला.” खरंच आहे ते. आपल्या उटण्यात पडणारा नागरमोथा आणि हा चुफा एकाच कुळातले, सख्खे म्हणावेत असे. आपल्या शेतातून शेतकरी लव्हाळा उपटून थकतो आणि इथे त्याच्या भावंडाचं पीक घेतात. ओरचाताबरोबर फार्तोन नावाचे लांबट गोड पाव बुडवून खातात. त्यात अंडं असतं म्हणून सासूबाईंनी ते सोडले, पण ओरचाता त्यांनी पुढे रोज घेतला.

शाकाहाराचा प्रश्न थोरलीने सोडवला. तिने निघण्याआधी चार शब्द पाठ केले होते : सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन उएवो, सिन हामोन. म्हणजे मांस नको, मासे नकोत, अंडं नको, आणि हामोन नको. हामोन वेगळं सांगायचं कारण, वाळवलेल्या डुकराच्या मांसाच्या कापांना तिथे पुष्कळजण मांसात धरत नाहीत, ते भाजीवर सहज भुरभुरतात. नऊ वर्षांची मुलगी आजीसाठी हे गंभीरपणे सांगते आहे म्हटल्यावर वेटर वहीतून मान वर करून नीट ऐकायचे. दर वेळी आजीचं ताट बरोबर आलं.

गुरुवार मी मुद्दाम धरून ठेवला होता. दर गुरुवारी दुपारी बाराला व्हॅलेन्सियाच्या कॅथेड्रलच्या एका दारात पाण्याचं न्यायालय भरतं. तुरियाचं पाणी आजूबाजूच्या शेतांना नेणारे आठ पाट आहेत. प्रत्येक पाटाचे शेतकरी आपला प्रतिनिधी निवडतात. हे आठ जण शेतकऱ्यांचा काळा अंगरखा घालून दारासमोर गोलात खुर्च्यांवर बसतात. हातात पितळी आकडी लावलेला दंड घेतलेला माणूस एकेका पाटाचं नाव पुकारतो आणि त्या पाटावर कुणाविरुद्ध तक्रार आहे का विचारतो. पाणी चोरलं, वेळेआधी दार उघडलं, पाट साफ ठेवला नाही, अशा तक्रारी. वकील नाही, कागद नाही, सगळं तोंडी आणि व्हॅलेन्सियन भाषेत. निवाडा तिथल्या तिथे. बोलायची पाळी कुणाची हे अध्यक्ष हाताने नव्हे तर पावलाने दाखवतो. आणि आरोप एका काठावरच्या माणसावर असेल तर निवाडा दुसऱ्या काठाचे प्रतिनिधी सुचवतात. या न्यायालयाची परंपरा हजार वर्षांची मानतात. २००९मध्ये युनेस्कोने ते मानवतेच्या अमूर्त वारशात घेतलं.

सासूबाईंचं माहेर धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठचं. तिथे बंधाऱ्यातून पाट काढून फडाफडाने पाणी वाटायची फडपद्धत काही शतकं चालत आली. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, आणि वाटपाचे नियम गावाने केलेले. पाणी कमी असेल त्या वर्षी कुणाचा फड भिजवायचा आणि कुणाचा पडीक ठेवायचा हे सगळ्यांनी मिळून ठरवायचं. त्यांचे वडील या कामात होते. व्हॅलेन्सियाच्या त्या चौकात गर्दीच्या पुढे, लोखंडी कठड्याला धरून त्या उभ्या होत्या. आठही पाटांची नावं पुकारली गेली. कुणी पुढे आलं नाही. काही मिनिटांत सगळे उठले. थोरली जराशी हिरमुसली, कारण तिला भांडण बघायचं होतं. सासूबाई म्हणाल्या, “भांडण नाही म्हणजे पाणी नीट चाललंय. दर आठवड्याला येऊन विचारतात म्हणूनच नीट चाललंय.” पुकारलेल्या नावांपैकी मेस्ताया हे एक नाव धाकट्याच्या ओळखीचं निघालं, कारण गावातल्या फुटबॉल संघाच्या मैदानाला त्याच पाटाचं नाव आहे. त्याला वाटलं, ते काळे अंगरखेवाले आजोबा फुटबॉलचे पंच आहेत. मी त्याला पूर्ण गोष्ट सांगितली, पण त्याला त्याचीच आवडली.

हेच पाटाचं पाणी, आणि दक्षिणेकडचं आल्बुफेरा सरोवर, यांच्या जोरावर इथला तांदूळ पिकतो. अरबांनी या भागात भातशेती रुजवली. एप्रिल-मेमध्ये खाचरांत पाणी सोडतात आणि पेरणी होते. शहरातून बसने अर्ध्या-पाऊण तासात एल पालमार गावाकडे गेलो तेव्हा रस्त्याच्या दोन्ही अंगांना आभाळ पडलेली खाचरं होती, मावळात जुलैत दिसतात तशी, फक्त बांध फार सरळ. बगळेही होते. सरोवरात होडीतून फेरी मारली आणि दुपारी दोनला पायेया खायला बसलो. पायेयाची खरी वेळ दुपारचीच. गावचे लोक ती रात्री खात नाहीत. अस्सल व्हॅलेन्सियन पायेयात कोंबडी, ससा, चपट्या शेंगा आणि पांढरे मोठे घेवड्याचे दाणे असतात. आम्ही केवळ भाज्यांची मागितली आणि भात कुठल्या पाण्यात शिजवता ते आधी विचारून घेतलं. ती किमान दोघांची करतात आणि मागितल्यावर रांधायला घेतात, म्हणून मुलांच्या पोटात आधी काहीतरी हवं. पसरट कढई टेबलावर आली. भाताचा थर बोटाच्या पेराएवढासुद्धा जाड नव्हता, प्रत्येक दाणा सुटा आणि रस पिऊन फुगलेला. तळाची खरवड, तिला ते सोकारात म्हणतात, मुद्दाम धरू दिलेली असते. चमच्याने खरवडून ती शेवटी वाटून घ्यायची. आमच्यात ती धाकट्याने खाल्ली.

विज्ञाननगरी भव्य आहे, पांढरी आणि डोळे दिपवणारी. ती इथेच जन्मलेल्या सांतियागो कालात्रावाने उभारली. विज्ञान संग्रहालयात वस्तूंना हात न लावण्यास मनाई आहे, असं त्यांचं ब्रीद आहे, आणि मुलं ते तंतोतंत पाळतात. मत्स्यालय २००३चं, युरोपातलं सगळ्यात मोठं. फेलिक्स कांदेलाने त्याच्या काही छपरांना कमळाच्या पाकळ्यांचा आकार दिला, पण ती पूर्ण होण्याआधी, १९९७मध्ये तो गेला. युद्धात सापडलेल्या खार्कीव्हमधून २०२४च्या जूनमध्ये दोन बेलुगा देवमासे इथे सुरक्षित आणले, हे मुलांना सांगितलं तेव्हा ती गप्प झाली. डॉल्फिनचे खेळ आम्ही पाहिले नाहीत. उड्या मारायला लावलेला प्राणी मुलांना दाखवावा असं मला वाटत नाही. तेवढा वेळ काचेच्या बोगद्यात, डोक्यावरून जाणाऱ्या शार्कखाली गेला.

आता माझी नाशिकची नणंद दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घेऊन हेच गाव करायचं म्हणते आहे. मी तिला मे सुचवला. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं मागे जातात, मग सहाच्या सुमाराला अंधारून येतं आणि झोपून उठलेल्या मुलांना नदीत खेळायला उजेड उरत नाही. शिवाय शरद ऋतूत भूमध्य समुद्राचं तापलेलं पाणी आणि वरची थंड हवा एकत्र आली की या किनाऱ्यावर ढगफुटीसारखा पाऊस कोसळतो. २९ ऑक्टोबर २०२४ला, आपल्याकडे धनत्रयोदशी होती त्या दिवशी, तशा पावसाने शहराच्या दक्षिणेकडची गावं उद्ध्वस्त केली. दोनशेहून अधिक माणसं गेली. जुनं शहर मात्र वाचलं, कारण १९५७नंतर खणलेल्या पात्राने तुरियाचं पाणी बाहेरूनच नेलं. बाहेरच्या गावांना तसा आडोसा नव्हता. तिला दिवाळीतच जायचं असेल तर हवामान खात्याचे इशारे रोज बघायचे, लाल इशारा असेल त्या दिवशी घराबाहेर पडायचं नाही आणि आल्बुफेराकडे तर मुळीच नाही, एवढं मी तिच्याकडून कबूल करून घेतलंय. घर नदीच्या काठालाच घे म्हटलं, मुक्कामात एक गुरुवार येईल असं बघ, हिंग घरून ने. मध्ये विमान बदलून व्हॅलेन्सियालाच उतरलीस तर तीन किंवा पाच नंबरची मेट्रो विमानतळावरूनच सुटते.